आजोबांच्या गावची बोली

"डोनेगॉल?" आल्वानं खुर्ची मागं ढकलली. "आई, माझ्या सगळ्या मैत्रिणी कॉनेमाराला चालल्यात. मी एकटी त्या टोकाला जाऊन काय करू? मेंढ्यांशी गप्पा मारू?"

"मार. पण आयरिशमध्ये मार," नूला म्हणाली.

आयरिश भाषेचं उन्हाळी कॉलेज आजच ठरवायचं होतं, डोनेगॉलचं की कॉनेमाराचं. आयरिश बोलणाऱ्या गावात जाऊन कुणाच्या तरी घरी राहायचं, सकाळी वर्ग, संध्याकाळी नाच, आणि तोंडातून इंग्रजी निघालं की घरी रवानगी. डब्लिनची पोरं आयरिशपेक्षा मैत्रिणींसाठी आणि नाचासाठीच जातात, हे नूलाला ठाऊक होतं. एरवी तिनं हो म्हटलं असतं.

"कॉनेमाराचं आयरिश वेगळं पडतं गं," ती हळूच म्हणाली. "आजोबांचं बोलणं तुला कळायला हवं."



हिवाळ्यात कोनल आजोबांना, नूलाच्या वडिलांना, मेंदूचा झटका आला. जीव वाचला, पण इंग्रजी गेलं. जन्मभर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या गोदीत बोललेलं इंग्रजी पाटी पुसावी तसं पुसलं गेलं, आणि उरली ती लहानपणीची डोनेगॉलची बोली. नूलानं त्यांना डब्लिनला आणून घराजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथल्या केरळच्या नर्स मायेनं करायच्या, पण त्यांना म्हातारा नुसता बरळतोय असं वाटायचं. नूलाच्या नवऱ्यानं, रोननं, एकदा धीर करून शाळेतलं आठवत होतं ते एकमेव आयरिश वाक्य त्यांना म्हणून दाखवलं. ते होतं, "बाई, मी लघवीला जाऊ का?" म्हाताऱ्यानं गंभीरपणे मान हलवली आणि दाराकडे बोट दाखवलं. त्या दिवशी नूला घरी येईपर्यंत हसत होती. मग स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडली.

कारण तिला तेवढंही येत नव्हतं. ती ग्लासगोत वाढली. रविवारी गावाकडची माणसं घरी जमली की वडील त्यांच्याशी भरभरून आयरिश बोलायचे, मोठ्यानं हसायचे. ती जवळ गेली की झटकन इंग्रजीवर यायचे. "मला पण शिकवा ना," ती म्हणायची. "तुला काय करायचंय ते?" ते म्हणायचे. "माझ्या बोलण्याला लोक हसले, तुझ्या बोलण्याला कुणी हसता कामा नये." तिला वाचून दाखवायचे तेही इंग्रजीतच, अडखळत, एकेका शब्दावर बोट ठेवून.

आता ती रोज दुपारी वृद्धाश्रमात जायची. त्यांची दाढी करायची, कस्टर्ड भरवायची, पायांना तेल चोळायची. ते बोलत राहायचे. कधी विनवल्यासारखे, कधी रागावून. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "हो बाबा, हो."

"शाळेतल्या आयरिशनं मला त्यांचं एक अक्षर कळत नाही," आल्वा म्हणाली. "फार भरभर बोलतात."

"म्हणून तर म्हणतेय. माझं शिकायचं वय गेलं बाळा. मला बाबांशी बोलायचंय. एकदाच. माझ्यासाठी जा."

आल्वानं डोळे पुसले. मैत्रिणींना कळवायला ती वर निघून गेली आणि बराच वेळ खाली आली नाही.

पहिल्या आठवड्यात तिचे रडके फोन आले. घरमालकीण उकडलेल्या बटाट्यांखेरीज काही देत नाही, मुली वाक्यावाक्याला हसतात, पाऊस थांबत नाही. मग फोन कमी झाले. महिनाअखेरीला बसमधून उतरली तेव्हा ती आईशी बोलताना मध्येच अडली आणि इंग्रजी शब्द शोधू लागली.  नूलानं गाडी घराकडे वळवलीच नाही, थेट वृद्धाश्रमात नेली.

कोनल आजोबा खिडकीशी बसले होते. आल्वा त्यांच्या पायांशी टेकली आणि काहीतरी बोलली.

म्हाताऱ्याचं डोकं सावकाश वळलं. डोळ्यांत इतक्या महिन्यांत न दिसलेलं तेज आलं. त्यांनी तिचा हात पकडला आणि बोलायला लागले. आल्वा उत्तरं देत होती, अडखळत होती, परत विचारत होती. एकदा दोघंही खळखळून हसले. नूला पलंगाच्या कडेला अंग चोरून बसली होती. लहानपणीही ती अशीच बसायची.

"काय म्हणतात?"

"विचारतायत, कुणाची पोर तू. कुठल्या घरची."

"विचार ना, दुखतंय का कुठं?"

आल्वानं विचारलं. "नाही म्हणतात."

"मग रोज एवढं काय सांगत असतात मला? काय हवंय त्यांना? जे असेल ते मी करीन म्हणावं."

या वेळी म्हातारा बराच वेळ बोलला. बोलता बोलता त्यानं नूलाकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. आल्वाचा चेहरा उतरला.

"काय म्हणाले?"

"काही नाही, आई. असंच."

"आल्वा. मी तुला कशासाठी पाठवलं होतं?"

आल्वानं आजोबांचा हात सोडला नाही. आईकडे न बघता ती म्हणाली, "म्हणतात, ही इंग्रजीवाली बाई कोण आहे ठाऊक नाही, पण फार मायेची आहे. तूच तिला तिच्या भाषेत समजावून सांग पोरी, की आता मला घरी जाऊ दे, माझी छोटी नूला दारात वाट बघत असेल."