जाड ऑइल

योगिनीनं बिडकीनच्या नोकरीसाठी अक्काच्या नवऱ्याची जुनी टर्बो डिझेल गाडी विकत घेतली. ‘ऑइल जाडच टाक,’ दाजींनी दोनदा बजावलं होतं. दुष्काळामुळं गाड्या धुणं बंद ठेवलेल्या गॅरेजात मेकॅनिक बासितभाईंनी मात्र पातळ ऑइलचा महागडा डबा काढला. ‘टर्बोला हेच लागतं. गाडीच्या पुस्तकात बघा.’ तिला वाटलं, हा माल खपवतोय. तिनं डब्याचं सील तपासलं, पुस्तक उघडलं. तिथंही पातळच लिहिलं होतं. ‘टाका.’ ‘टाकतो, ताई, पण जाड ऑइलखाली झिजलेल्या इंजिनाचा आवाज दबतो. आता खरा ऐकू येईल.’ गाडी सुरू होताच इंजिन खडखडू लागलं. तिनं दाजींना फोन लावला. ‘दाजी, गाडी लई आवाज करतीय.’ ‘पातळ टाकलं का?’ दाजींनी विचारलं. ‘अक्काला सांगू नको.’ योगिनीनं फोन कापला आणि अक्काचाच नंबर लावला.