बीकरची ऊब

प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाई वारल्या, तेव्हापासून बफरचं द्रावण बनवायचं काम त्यांच्या हाताखाली शिकलेल्या तिच्याच गळ्यात पडलं होतं.

पाण्यात कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या पडल्या की बीकर तापतो. तो गार झाल्याशिवाय पीएच मोजायचा मीटर लावायचा नाही, हा बाईंचा दंडक. लोक पंख्याखाली ठेवतात. बाई मात्र हातमोजे काढून दोन्ही तळवे बीकरला लावून बसायच्या, तापलेल्या पोराचं अंग बघावं तशा. "घाईचं लग्न आणि घाईचा बफर, दोन्ही पुढे तोंडाला फेस आणतात गं," म्हणायच्या.

आज बीकर काही केल्या निवेना. तिनं तो बर्फाच्या पाण्यात ठेवून बाहेर काढला. आतला थर्मामीटर खोलीइतकाच आकडा दाखवत होता, तरी उचलायला जावं तर हाताला ऊब लागायची.

शेवटी हातमोजे काढून तिनं काच चाचपून पाहिली. सगळी गारठलेली होती. फक्त दोन बाजूंना, समोरासमोर, तळव्याएवढ्या दोन जागा उबदार होत्या.

तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

"झाला की गार, बाई. सोडा आता," ती हळूच म्हणाली, आणि तिनं आपले तळवे नेमके त्या दोन जागांवर ठेवले.

काच सावकाश निवत गेली. मीटर लावायला म्हणून ती हात काढायला गेली.

ऊब आता तिच्या हातांवर आली होती, वरच्या बाजूनं, आणि हात काढू देत नव्हती.