नावानिशी

सोमीनं चिमणी लावली आणि नेहमीच्या जागी, चुलीजवळच्या कुडाशी गुडघे टेकले. सुका दारातच उभा राहिला. बोयसरच्या कारखान्यातली पाळी संपवून तो नुकताच आला होता. हातातली डब्याची पिशवी त्यानं अजून खाली ठेवली नव्हती.

"आज नावं घेऊ नको," तो बायकोला म्हणाला.

वाटेत त्याला पाड्यावरचा एक जण भेटला होता. बोलला तो दुसरीकडे तोंड करून, कारण होळीपासून या घराशी कुणी बोलायचं नाही असं ठरलं होतं. गावदेवापुढच्या कोंबड्याचा वाटा सुका-सोमीनं घेतला नव्हता. आम्ही आता येशूचे, असं सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांना विहीर बंद, विस्तव बंद, हाक बंद. सोमी ओहोळात झरा उकरून पाणी आणायची. तेवढ्यावर भागलंही असतं.

पण आता निराळंच बोललं जात होतं, ते त्या माणसानं वाटेत सांगितलं. सोमी रोज दिवेलागणीला डोळे मिटून बसते आणि घराघरातल्या माणसांची नावं पुटपुटते. शेजारच्या लाडकीच्या नातवाचं नाव घेतलं आणि त्याला ताप भरला. लाडकीचा नवरा जिव्या, ज्याचा शब्द पाड्यावर चालायचा, त्यानं उद्या सकाळी भगताला बोलावलं होतं. भगतानं दाणे टाकून सोमीकडे बोट दाखवलं, की ती भुताळी ठरणार. मग या घरात राहणं नाही. भुताळी ठरलेल्या बाईचं आणखी काय काय होतं, ते सुकानं बोलून दाखवलं नाही. तिला ठाऊक होतं.

नावं ती घेत होती हे खरंच होतं. बेटेगावच्या प्रार्थनेत कमलाकांत मास्तरांनी सांगितलं होतं, जे छळतात त्यांच्यासाठी नावानिशी मागा. सोमीनं ते आपल्या रीतीनं केलं. लग्नाचं आवतण द्यायला निघावं तशी ती चिंचेखालच्या घरापासून सुरुवात करायची आणि एकही घर न वगळता विहिरीपर्यंत यायची. आवाज हळू ठेवायची, उगाच कुणाला त्रास नको म्हणून.

"मनात कर ना," सुका म्हणाला. "देवाला मनातलं ऐकू येतं, मास्तरच सांगतात."

"देवाला येतं," सोमी म्हणाली. "लाडकीला येत नाय ना."

ती उठली. तिनं दाराचा झाप बाजूला केला, चिमणी उचलली आणि बाहेर ओट्यावर येऊन बसली. वाऱ्यानं ज्योत हलायला लागली तसा सुकानं आडोशाला पत्र्याचा डबा ठेवला. तेव्हा पाड्यावर वीज नव्हती. बोयसरकडचं आभाळ तेवढं कारखान्यांच्या दिव्यांनी पिवळं दिसायचं.

सोमीनं हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. रानात गेलेल्या गुरांना हाक मारायच्या आवाजात तिनं सुरुवात केली.

"देवबापा, चिंचेखालच्या झुंबरचा पाय बरा कर. माझा हंडा लोटताना घसरला तो."

कुठंतरी कुणी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कांडणाचे आवाज थांबले. एकेका दारात माणसं येऊन उभी राहिली. सोमी पुढच्या घरावर गेली, मग त्याच्या पुढच्या. चिंतूची वरई उंदरांपासून राख. मंगळीची पोर वीटभट्टीवरून सुखरूप घरी येऊ दे. ज्याचं नाव येई तो जागचा हलत नव्हता, आणि ज्याचं यायचं होतं तोही.

मग सोमी लाडकीच्या घराशी आली. समोर अंधारात लाडकी नातवाला खांद्यावर घेऊन उभी होती. तिच्यामागे जिव्या खोकत होता.

"लाडकीच्या नातवाचा ताप उतरू दे. आणि त्याला दवाखान्यात न्यायची बुद्धी तिला दे, उद्याची वाट न बघता. जिव्यादादाचा दमा कमी कर. झोप नाय लागत त्याला, आमाला इथं ऐकू येतं."

मग विहिरीजवळचं शेवटचं घर झालं. सोमी आमेन म्हणाली. सुकानंही म्हटलं.

कुणी आत गेलं नाही. जिव्याचा खोकला तेवढा ऐकू येत होता. सुकानं ओट्याच्या कडेला हात टेकला आणि पाड्याकडे बघत राहिला. पोर कण्हलं. लाडकीनं त्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि चार पावलं पुढं आली. चिमणीचा उजेड तिच्या पायांपर्यंत पोचला. होळीपासून ती इतक्या जवळ आली नव्हती.

"आमच्या शेळीचं राहिलं," ती म्हणाली. "दोन दिवस चारा खात नाय ती."

सोमीनं पुन्हा हात जोडले.

"कोणती," तिनं विचारलं, "काळी का कबरी?"