नकाराचं बटण

"नकाराचं बटण दाबलं की निरोप तत्काळ समोरच्यांच्या घरी गेला पाहिजे," वधूवर मंडळाचे तारकुंडेकाका माझ्यावर खेकसले. "मध्ये हे दहा सेकंद थांबणं कशाला?"

मी टायमर काढला नाही. प्रोग्रॅम मी लिहिला होता, आणि घाईत दाबलेली बटणं मी पुष्कळ पाहिली होती.

रविवारी मंडळात तो प्रोग्रॅम सुरू झाला. पहिलेच गृहस्थ मुलीला घेऊन आले. संगणकावर एक स्थळ उघडलं. मुलाचं गॅरेज आहे एवढंच वाचून त्यांनी 'नकार' दाबला. पडद्यावर आकडे उलटे उतरू लागले. त्यांच्याखाली 'थांबा' असं बटण होतं.

"बाबा, मला विचारलं नाहीत," मुलगी म्हणाली. आवाज न चढवता तिनं त्यांच्या हाताखालचा माउस काढून घेतला आणि 'थांबा' दाबलं. मग खुर्ची पुढे ओढून ती स्थळाची माहिती निवांत वाचत बसली.

काका माझ्या मागे उभे राहून सगळं पाहत होते. आता बोलणी खावी लागणार, असं मी धरूनच चाललो होतो.

"होकाराच्या बटणालाही लाव हे," ते म्हणाले.