अर्ध्या तासाची सवय

धरणाचा भोंगा वाजला, तरी नदीपात्रात घटस्थापनेआधी गोधड्या धुणाऱ्या बायकांनी मान वर केली नाही. भोंग्यानंतर अर्ध्या तासाने दार उघडतं, हे गावाला पाठच होतं.

वर धरणाच्या नियंत्रण कक्षात खिडकीशी इंजिनिअर सुनेत्रा खुशीत होती. दार उघडणाऱ्या यंत्राचा जुना प्रोसेसर जगात कुठे मिळेना, तेव्हा तिने तो नव्या चिपच्या पोटात हुबेहूब उभा केला होता.

"प्रोग्राम तोच ना, मॅडम?" ऑपरेटर खिलारेंनी विचारलं.

"अक्षरही बदललं नाही. भोंगा वाजवायचा, ठरलेल्या आकड्यापर्यंत मोजायचं, मग दार. फक्त आता मोजतो कितीतरी पट भराभर..."

तिने झटकन खिडकीतून खाली पाहिलं. पायाखालची फरशी थरथरू लागली होती.

खाली दोघीजणी एका गोधडीची दोन टोकं धरून सावकाश पिळत होत्या.