बदकाच्या होडीपर्यंतचं अंतर

योरिसच्या उजव्या बुटाचं टोक डाव्यापेक्षा दोन मिलिमीटर जास्त झिजलं होतं. एल्स्केनं ते मोजमापाच्या पट्टीनं दोनदा तपासलं, वहीत तारीख घालून लिहिलं आणि बूट दाराशी परत ठेवले. शेजारी तिचे स्वतःचे बूट होते, टोकं भिंतीकडे करून ठेवलेले.

एल्स्के डेव्हेंटर शहरात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. न मोजता काही ठरवायची तिला सवय नव्हती. योरिस अडीच वर्षांचा होता. त्याला नसांचा आजार असल्याचं मागच्या वर्षी कळलं. घराण्यातून उतरणारा, पायांची ताकद हळूहळू नेणारा. तेव्हापासून घोट्यांना आधाराचे स्प्लिंट, घरात वॉकर धरून चार-सहा पावलं, आणि बाहेर बाबागाडी.

दक्षिणेकडच्या मोठ्या मनोरंजन उद्यानात त्याला न्यायचं होतं. तिथल्या बदकाच्या आकाराच्या होडीचं चित्र फ्रीजवर लावून आठ महिने झाले होते. ऑक्टोबरमध्ये ठरलं, तर एल्स्के म्हणाली पाऊस आहे. एप्रिलमध्ये ठरलं, तर म्हणाली वारा फार आहे. आता जूनमधला शनिवार ठरला होता आणि तो आठ दिवसांवर आला होता.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर उद्यानाचा नकाशा पसरला होता.

"पार्किंगपासून फाटक चारशे दहा मीटर," एल्स्के म्हणाली. "फाटकापासून होडी साडेसहाशे. मध्ये तीनच बाकं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाकात दोनशे सत्तर मीटर आहेत. जास्त आहेत."

"बाकं कशाला मोजतेस गं?" तिची सासू ट्रूस हसली. "आमचा राजा तर बसल्या जागी मिरवत जातो."

"थांबावं लागतं, आई."

वाउटर, एल्स्केचा नवरा, कॉफी ढवळत राहिला. त्यात साखर नव्हती.

"आणि त्या दिवशी बाबागाडी मी ढकलणार हं," ट्रूस म्हणाली. "नातवाच्या गाडीला हात लावू देत नाहीस कधी. पळवून नेईन की काय त्याला?"

"तिचं चाक एका बाजूला ओढतं. मला सवय झालीय."

"तुझे सासरेही एका बाजूला ओढायचे. चाळीस वर्षं ढकललं मी त्यांना."

तिघंही हसली. ट्रूसनं प्रत्येकाला एकेक बिस्किट दिलं, डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि सायकल काढून घरी गेली.

वाउटरनं कप विसळले. पाठमोराच म्हणाला, "व्हीलचेअरचं काय ठरलं?"

"आत्ता नको, वाउटर."

"मग कधी? उद्यानात भाड्यानं मिळते, पण आठवडाभर आधी सांगावं लागतं. आज शुक्रवार आहे. पाचला त्यांचं ऑफिस बंद होतं."

"बाबागाडी आहे ना. चालून जाईल."

"बाबागाडी म्हणजे व्हीलचेअर नव्हे, एल्स्के. फिजिओथेरपिस्टबाई जानेवारीपासून कानीकपाळी ओरडतायत."

"एकदा त्यात बसलं की लोकांना तेवढंच दिसतं. बाकीचं माणूस दिसत नाही."

"मला दिसतं."

ती नकाशाची घडी घालू लागली. घडी चुकली. तिनं ती उलगडली, पुन्हा घातली, पुन्हा चुकली.

"मग या वेळी काय सांगू त्याला?" वाउटरनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "ऊन फार आहे म्हणून?"



तेवढ्यात योरिस वॉकर ढकलत दारातून आत आला. एक, दोन, तीन. एल्स्के मनात मोजत होती. सहाव्या पावलाला तो थांबला. फ्रीज अजून दोन पावलांवर होता. त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं, मग आईकडे.

"पाय दमले," त्यानं सांगितलं. दूध संपलं असं सांगावं, तसं. आणि खुशाल फरशीवर बसकण मारली. "बाबा, उचल. बदक बघायचंय."

वाउटरनं त्याला उचलून चित्रासमोर धरलं. योरिसनं बदकाच्या चोचीवर बोट टेकवलं आणि बदकाशी काहीतरी बोलू लागला. दोन पावलं राहून गेल्याचं त्याच्या गावीही नव्हतं.

एल्स्के बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग टेबलाला धरून उठली आणि तिनं फोन घेतला. पाचला दहा मिनिटं कमी होती.

"पुढच्या शनिवारी येतोय आम्ही," ती म्हणाली. "सोबत अडीच वर्षांचा मुलगा आहे, त्याला चालता येत नाही फारसं. एक व्हीलचेअर हवी होती."

पलीकडच्या मुलीचा आवाज लगेच मऊ झाला. "हो, मिळेल ना. होडीच्या धक्क्यापर्यंत नेता येते. आमच्याकडे लहान-मोठी मापं आहेत. बाळाची उंची सांगता का? म्हणजे सगळ्यात लहान काढून ठेवते."

वाउटरनं वळून पाहिलं. योरिसला त्यानं कडेवर घट्ट धरलं होतं.

योरिसची उंची वहीत होती, पहिल्याच पानावर. सत्त्याऐंशी सेंटीमीटर. एल्स्केनं वही उघडली नाही.

"एक मीटर बहात्तर," ती म्हणाली. "खुर्ची माझ्यासाठी हवी आहे."