जागा नसलेल्या वस्तू

थोरल्याला जुळं झालं त्या वर्षी आईचं विसरणं फारच वाढलं, असं बाबांचं म्हणणं होतं. सकाळी उठल्याबरोबर ती विचारायची, आज वार कोणता. बाबा कॅलेंडरपाशी जाऊन बघून यायचे. मग गोळी घेतली का, गॅस बंद आहे का, हे दिवसातून चार-चार वेळा. बाबा कुरकुरत उठायचे. कधीकधी गॅस खरंच चालू असायचा.

"मी आहे म्हणून निभावतंय," ते म्हणायचे.

"ते तर आहेच," आई म्हणायची.

शेवटी धाकटीने फोनवर सांगून टाकलं, की आईला मी माझ्याकडे नेते. तिच्या घरात एका माणसापुरतीच जागा होती. लग्न झाल्यापासून दोघं कधी वेगळी राहिली नव्हती.

बाबांनी उभा जन्म एका कारखान्यासाठी प्रोग्राम लिहिले होते, कुठला सुटा भाग कुठल्या खणात आहे ते सांगणारे. तीच विद्या त्यांनी घरात आणली. संगणकावर डेटाबेसमध्ये दोन टेबलं, म्हणजे तक्ते, केली. एकात घरातल्या वस्तू, दुसऱ्यात त्यांच्या जागा. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, हाताने बांधत बसायला नको म्हणून एक तयार टूलकिट घेतलं. वस्तूचं नाव टाकलं की कोड दोन्ही टेबलं जोडायचा आणि जागा सांगायचा. नोंदी बाबा करायचे. आई कळफलकाला हातसुद्धा लावायची नाही. हिला आता काही लक्षात ठेवायला नको, मग न्यायचं कशाला, असा त्यांचा हिशेब होता.

धाकटी बॅग घेऊनच आली. तीही याच धंद्यातली. बाबांनी तिला खुर्चीत बसवलं आणि संगणकाला किल्ली विचारली. फडताळ, वरचा कप्पा. किल्ली तिथेच होती. कात्री विचारली, तीही सापडली. बाबांची छाती फुगली.

मग चष्मा विचारला. पडदा कोरा.

"तुझ्या आईने न सांगता उचलला असणार."

"हो, माझंच चुकलं," असं म्हणून आईने तो बुटांच्या कपाटातून काढून आणला.

धाकटीने कोड वाचायला घेतला. चूक लगेच ध्यानात आली. बाबांनी टेबलं अशी जोडली होती, की जागा न लिहिलेली वस्तू उत्तरात येतच नसे. कारखान्यात ते चालून गेलं. तिथे प्रत्येक भागाला खण होता. घर म्हणजे काही गोदाम नव्हे, असं तिने त्यांना चिडवलं. चहा मीच टाकतो, हिचा भरवसा नाही, असं म्हणत बाबा आत गेले.

धाकटीने एकच शब्द बदलला. जागा असो नसो, सगळ्या वस्तू दाखव.

पडदा भरून गेला. चष्मा. चष्मा. चष्मा. दर थोड्या वेळाने तीच नोंद नव्याने केलेली, जागेचा रकाना रिकामा. त्याखाली पाकीट, पाकीट, गोळ्या, पुन्हा चष्मा.

तिने मान वळवली. आई मागेच उभी होती. तिने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"तुझा तो शब्द पहिल्यासारखा करून ठेव," ती हळूच म्हणाली. "त्यांना वाटतं, विसरते ती मी. वाटू दे."

धाकटी रिकामी बॅग घेऊन परत गेली. त्यानंतर दोन वर्षांनी, थंडीच्या सुरुवातीला, बाबा गेले. शेवटच्या दिवसापर्यंत आईची काळजी करत.